नवीन पिकअप, चोर्ला उतरताना ब्रेक पॅडल खाली जायलंय आणि शोरूमवाले म्हणायलेत फॉल्टच नाही

रताळीवाला_२२

नमस्कार मंडळी. दसऱ्याला नवीन पिकअप काढलीय, पुढं डिस्क मागं ड्रम, पासिंग (कागदावर भरायची परवानगी) दीड टन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला भांडण नको उत्तर पायजे. आतापर्यंत ३,४०० किमी झालेत. आठवड्यातनं तीनदा कडोलीहून रताळी, कोबी, मिरची जे असेल ते भरून म्हापशाला जातो, रात्री अकराला निघायचं आणि जांबोटी कणकुंबी करत चोर्ल्यानं उतरायचं.

तर प्रॉब्लेम असा की कणकुंबीपर्यंत ब्रेक एकदम मख्खन. घाट लागला की पाच-सहा वळणं बरी जातात मग जळल्यासारखा वास येतो आणि पॅडल मऊ पडायला लागतं, म्हणजे आधी जरा पाय ठेवला की लागायचा तिथं आता निम्म्याच्या खाली जातंय, दोनदा पंप केलं की थोडं वर येतं. गेल्या मंगळवारी तर केरीच्या अलीकडं पॅडल जवळजवळ खाली टेकलं, हँडब्रेक ओढून सेकंड गियर घालून कशीबशी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. पोरगा होता बरोबर माझा, तो सकाळपर्यंत एक शब्द बोलला नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलो तर पॅडल परत होतं तसं वर! सपाटीला काही म्हणजे काही नाही. येताना रिकामी असतीय आणि चढ असतोय, तवा पण काही नाही.

शोरूमला दोनदा नेली. पहिल्यांदा म्हणाले लायनर नवीन आहेत, सेट व्हायला वेळ लागतो, हजार किमी झाले की बघा. दुसऱ्यांदा सर्व्हिस ॲडव्हायझर शेजारी बसला, हायवेला हलग्याकडं तीन किमी नेली, रिकामीच, दोनदा कच्चकन ब्रेक मारला आणि "एकदम ओके आहे अण्णा". जॉब कार्डवर काय लिहिलं तर "ब्रेक चेक केला". झालं, साकू.

नेटवर बघितलं तर नवीन पिकअपवाले सगळीकडं ब्रेकवरनं बोंब मारायलेत. मग हा मॉडेलचाच फॉल्ट काय? कुणाची असली गाडी असेल तर सांगा की.

घाटाचा_राजा

एअर असणार भावा. एअर काढून घे आणि ब्रेक ऑइल बदल, कुठल्याबी गॅरेजला अर्ध्या तासाचं काम. एवढं टेन्शन कशाला. मी १५ वर्षं चोर्ला, आंबोली, अनमोड सगळं करतोय, चोर्ला तर डोळे झाकून, आणि खरं सांगू काय उताराला न्यूट्रल मारतो, डिझेल वाचंल म्हणून.

ऑटोनगर_फिटर

राजाभाऊ, डोळे झाकून उतरताय ते दिसतंयच. न्यूट्रल मारलं की इंजिन गाडीला धरत नाही, सगळं वजन ब्रेकवर येतं. आणि एखादा शहाणा चावीच बंद करतो, मग बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम येणं बंद, आत उरलेल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक लागतो, पुढं दगड. हे इथं लिहू नका, कोण तरी नवीन पोरगं वाचतंय आणि करतंय.

एअर असती तर पॅडल कणकुंबीच्या आधी पण स्पंजसारखं लागलं असतं. एअर काय घाट बघून येत नाही.

रताळीवाले, खरं खरं सांगा:
गाडी घेतल्यावर मागं पाटा (स्प्रिंगची पट्टी) वाढवलात काय?
माल किती भरता, काटा केलाय काय कधी?
उतरताना गियर कुठला?
उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून पॅडल एक मिनिट दाबून धरा. हळूहळू आत गेलं तर मास्टर सिलिंडर (पॅडलनं ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) खराब. नाही गेलं तर पुढं बोलू.

रताळीवाला_२२

पॅडल दाबून धरलं, मिनिटभर काय दोन मिनिटं धरलं, हललं नाही.

गियर थर्ड. कधी कधी फोर्थ, रस्ता मोकळा असला तर.

काटा कधी केला नाही, पोती मोजतो. ३६ पोती, पन्नासनं धरलं तर अठराशे होतंय, म्हणजे जरा जास्त हाय खरं पण सगळेच तेवढं भरतात.

पाटा... हां. गाडी काढल्यावर आठव्या दिवशी दोन्हीकडं एक-एक पाटा वाढवून घेतला. एकाकडं करून घेतलं, नाव सांगत नाही. मागनं गाडी बसायली होती, हौद्याला धक्के. पण पाट्याचा आणि ब्रेकचा काय संबंध ओ? पाटा वजन उचलतो, ब्रेक थांबवतो.

ऑटोनगर_फिटर

संबंध हाय. सगळा तोच संबंध हाय.

गाडीच्या खाली मागच्या ॲक्सलजवळ वाकून बघा. चॅसीला एक छोटा व्हॉल्व्ह असतोय आणि त्यातनं एक रॉड नाहीतर स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली असतीय. लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात, एलएसपीव्ही. रिकाम्या गाडीत मागची चाकं हलकी असतात, तिथं पूर्ण ब्रेक दिला तर चाकं जाम होऊन मागचा भाग घसरणार, पावसात तर गोलच फिरणार. म्हणून रिकामी असताना हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी ठेवतोय. माल भरला की पाटे दबतात, चॅसी खाली येते, रॉड सरकतोय, मग व्हॉल्व्हला कळतंय की वजन आलं, आता मागं पण प्रेशर सोड. त्याला वजन कळत नाही, उंची कळतीय फक्त.

आता तुम्ही पाटा वाढवला. दोन टन भरलं तरी चॅसी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटायलंय गाडी रिकामीच हाय. मागचा ड्रम नुसता बघत बसलाय आणि सगळी गाडी पुढच्या दोन डिस्क थांबवायल्यात. सपाटीला चालून जातंय. चोर्ल्याला वळणामागनं वळण, डिस्कला थंड व्हायला वेळच नाही, त्यात तुम्ही थर्ड फोर्थला, म्हणजे इंजिन काही धरत नाही.

पॅडलचं पण समजून घ्या. नुसते पॅड तापून चकचकीत झाले तर पॅडल वरच राहतंय, कडक लागतंय, गाडी तेवढी थांबत नाही. तुमचं पॅडल खाली जातंय. म्हणजे पुढच्या कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबतोय तो) ब्रेक ऑइल उकळलंय, त्याची वाफ झालीय आणि वाफ दाबली जातीय, म्हणून पाय आत. थांबलात, थंड झालं, वाफेचं परत ऑइल झालं, पॅडल वर. शोरूमवाल्याला रिकाम्या गाडीत हलग्याच्या रोडवर हे जन्मात दिसणार नाही.

डॉट ३ ऑइल नवीन कोरं असताना कमीत कमी २०५ अंशाला उकळतं, डॉट ४ २३० ला. पण हे ऑइल हवेतलं पाणी पितंय. पाणी धरलं की डॉट ३ ची हमी १४० वर येती, डॉट ४ ची १५५ वर. एकदा उकळलेलं ऑइल ठेवू नका, बदला. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घाला.

तर पाटा काढा. आणि कोण म्हणाला "व्हॉल्व्हचा रॉड वर करून वायरीनं बांधतो, मागं फुल्ल ब्रेक मिळंल" तर तिथनं गाडी घेऊन पळा. भरलेली असताना बरं वाटतंय, येताना रिकाम्या गाडीत पावसात कणकुंबीच्या वळणाला मागची चाकं पुढं येतात. मी असल्या दोन गाड्या ओढून आणल्यात.

खानापूर_डेअरी

मंडळी, माझी पण बहुतेक तीच गाडी, दुधाचे कॅन टाकतो, खानापूर ते बेळगाव, ६,००० झाले. पाटा बिटा काही वाढवला नाही, वजन पण पासिंगच्या आत. पण मला वेगळंच होतंय. पॅडल मऊ नाही, उलट घट्ट! पहाटे थंडीत पहिले दोन-तीन ब्रेक असे लागतात की पाय थरथरतोय, मग गाडी जरा चालली की बरं होतंय. हे पण पाट्यामुळंच काय? मी पण शोरूमला जाऊन आलो, मला सांगितलं "थंडीत असं होतंय". थंडी काय फक्त माझ्या एकट्याच्या गाडीला लागती काय.

उद्यमबाग_मोल्डर

मी फौंड्रीत आहे, ब्रेक ड्रमची कास्टिंग काढलेली आहेत त्यामुळं जरा तोंड घालतो.

सगळ्यात पहिलं, हे दोन आजार वेगळे आहेत, एका पिशवीत घालू नका. नेटवर तेच होतं, कोण म्हणतो ब्रेक खराब, खाली पन्नास जण लिहितात माझा पण, आणि कोणाचं पॅडल मऊ, कोणाचं घट्ट, कोणाचं थरथरतंय, कोणाची गाडी एका बाजूला ओढती. मग शोरूमवाल्याला पण बरं पडतं, तो म्हणतो लोक उगाच बोंबलतात.

डेअरीवाले, घट्ट पॅडल म्हणजे बूस्टर आणि व्हॅक्यूम. डिझेल इंजिन आपोआप पुरेसा व्हॅक्यूम तयार करत नाही, त्याला वेगळा पंप असतो, काही गाड्यांत अल्टरनेटरच्या मागं, काहींत कॅमवर. तो पंप, तिथनं बूस्टरला जाणारा पाइप, मधला एकतर्फी व्हॉल्व्ह, यातलं काही तरी गळतंय. इंजिन बंद करा, पॅडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करा, पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पॅडल पायाखाली थोडं बसलं तर बूस्टर काम करतोय. बसलं नाही, किंवा उशिरा बसलं, तर तेच तुमचं उत्तर, आणि ते शोरूमवाल्याच्या समोर सकाळी गाडी रात्रभर उभी करून दाखवा. तुमचा मात्र खरा वॉरंटीचा क्लेम आहे.

आणि हे काही फक्त आपल्याकडं नाही. २०१९ च्या सप्टेंबरात जनरल मोटर्सनं अमेरिकेत साधारण ३४ लाख पिकअप आणि मोठ्या एसयूव्ही परत बोलावल्या, २०१४ ते २०१८ मॉडेल. गाडी जुनी होईल तसा पंपाचा व्हॅक्यूम कमी पडायचा आणि पॅडल दगड. गंमत म्हणजे पंप बदलून दिला नाही, ब्रेकच्या कंट्रोल मॉड्यूलचं सॉफ्टवेअर बदललं. त्याच्या आधी २०१६ ला फोर्डनं २०१३-१४ च्या एफ-१५० परत घेतल्या, अडीच लाखांच्या वर, त्यात मास्टर सिलिंडरमधनं ऑइल बूस्टरमध्ये गळायचं आणि पुढच्या चाकांचा ब्रेक कमी व्हायचा. दोन्ही पिकअपच, दोन्ही ब्रेकच, पण कारण बघा किती लांब लांबचं. म्हणून म्हणतो लक्षण नीट सांगा.

रताळीवाले, फिटर म्हणतायत ते मला पटतंय पण अंदाजावर राहू नका, मोजा. आमच्याकडं टेंपरेचर गन असते, लांबनं धरायची. (कोरोनातली कपाळाला लावायची नको, ती ताप बघायची, डिस्कपुढं काय सांगणार ती बिचारी.) घाट उतरून केरीला थांबलात की लगेच पुढची डिस्क आणि मागचा ड्रम दोन्हीवर मारा. ड्रम बाहेरनं नेहमीच जरा थंड दिसतो कारण उष्णता आत असते, ते धरूनच चला. पण मागचा ड्रम नुसता कोमट आणि पुढं आग असेल तर मागचा ब्रेक झोपलाय हे नक्की. पाहिजे तर माझी गन घेऊन जा, रविवारी तिसऱ्या गेटजवळ भेटा. आणि तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका देवासाठी, बघितलंय मी लोकांना ओतताना, डिस्क वाकती नाहीतर तडकती.

निपाणीचा_आहे_वकील_नाही

तांत्रिक मला कळत नाही, कागदाचं सांगतो, कारण माझं मागच्या गाडीचं प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात गेलं होतं आणि मी तिथं हेलपाटे मारून मारून शिकलोय.

जॉब कार्डवर तुमचे शब्द लिहून घ्या. "ब्रेक चेक" नाही. "मालासहित घाट उतरताना पॅडल खाली जाते" असं. ॲडव्हायझर नाही म्हणाला तर तिथंच उभं राहून शोरूमला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, फोटो व्हिडिओ तारखेसकट. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

पिकअपवाल्यांना एक पट्टी हमखास पढवतात, की ही कमर्शियल गाडी, तुम्हाला ग्राहक कायदा लागत नाही. अर्धं खरं. २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू वगळलीय, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर तो माणूस ग्राहकच. स्वतः चालवताय, एकच गाडी, घर त्याच्यावर, मग तुम्ही ग्राहक. दहा गाड्या आणि दहा ड्रायव्हर असतील तर वेगळं. कंपनी कुठलीही असू दे, तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येती, म्हणजे बेळगावातच, पुणे मुंबई करायची गरज नाही. गाडीला मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही, ५ ते १० लाखाला २०० रुपये, १० ते २० ला ४००. मुदत दोन वर्षं. आधी १९१५ ला फोन करून बघा, कधी कधी तेवढ्यानं पण शोरूम हलतं.

आणखी एक, १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम आलेत, मोटार वाहन कायद्याचं कलम ११०-अ. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल तर सरकारच्या वाहन पोर्टलवर मालक स्वतः तक्रार नोंदवू शकतो, आणि एका मॉडेलच्या ठराविक प्रमाणात तक्रारी झाल्या की सरकार चौकशी लावून गाड्या परत बोलवायला लावू शकतं. डेअरीवाले, तुम्ही तिथं जरूर नोंदवा. रताळीवाले, तुम्ही आधी पाटा काढा मग बोला. राग मानू नका, पण पाटा लपवून केस घातली तर त्यांचा एक्स्पर्ट पहिल्या दिवशी चाकाखाली वाकणार आणि तिथंच संपलं.

घाटाचा_राजा

म्हणजे शोरूमवाल्यांचं बरोबर आणि आपण चूक? भारी.

निपाणीचा_आहे_वकील_नाही

असं कोण म्हटलं गा. पाटा ह्यांची चूक. पण ज्या माणसानं भरलेल्या गाडीची तक्रार रिकाम्या गाडीत बघितली आणि खाली वाकून एकदा पाटे मोजले नाहीत, त्याला काय म्हणायचं? वाढवलेला पाटा दिसत नाही काय, रंग वेगळा असतो.

रताळीवाला_२२

मंडळी उशीर झाला, सुगी चालू होती. जे झालं ते सांगतो.

मोल्डर साहेबांची गन घेतली (चहा तुमच्यावर उधार राहिला माझा). पाटा न काढता एक खेप केली, पण भिऊन भिऊन, सेकंड गियरला, दोनदा मध्ये थांबलो. केरीला खाली उतरून मारली तर पुढं २३८ आणि मागं ८१. मी तीनदा परत मारली, वाटलं गनच खराब. मग काटा केला, तर ३६ पोती म्हणजे २ टन १० किलो! रताळी ओली होती, माती लागलेली, पोतं पन्नासचं कुठलं आलंय. एवढे दिवस माती पण गोव्याला पोचवत होतो म्हणायची.

पाटे काढले. शोरूमला निपाणीकरांनी सांगितलं तसं ईमेल टाकलं, दुसऱ्या दिवशी फोन आला, जो ॲडव्हायझर "ओके अण्णा" म्हणत होता तोच "सर" म्हणायला लागला. टेक्निशियननं व्हॉल्व्हचा रॉड मापात बसवला, पुस्तक उघडून, चांगलं काम केलं, खोटं कशाला बोलू. पुढचे पॅड चकाकले होते ते बदलले, ऑइल चारी चाकांना बदललं. बिल मात्र माझ्यावरच, पाट्यामुळं वॉरंटीत बसत नाही म्हणाले. वाद घातला नाही.

आता २७ पोती. सेकंड गियर, चढताना जो लागतो तोच उतरताना. कालची खेप पुढं १६५ मागं १२८. पॅडल जिथल्या तिथं. भाडं कमी पडायलंय ते पडायलंय, एक खेप वाढवावी लागणार आठवड्याला, आणि रिकामी येताना धक्के तेवढेच. मागनं बसायली होती ती पाटा कमी म्हणून नाही, माल जास्त म्हणून, हे मला कळायला बाकी लई खर्च आला.

काढलेले पाटे गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेत. म्हशीला अजून उघडता आलं नाही.

खानापूर_डेअरी

माझं पण सापडलं. पंप नाही, बूस्टरला जाणारा पाइप क्लिपजवळ बारीक चिरलेला, गार असताना चीर उघडायची आणि तापला की मिटायची. रात्रभर गाडी शोरूमलाच लावली आणि पहाटे साडेपाचला त्यांच्या माणसाला पॅडल दाबायला लावलं, झोपेतनं उठून आलता बिचारा. वॉरंटीत बदलून दिला. पोर्टलवर तरी पण नोंद टाकली, दुसऱ्या कुणाचा असाच असेल तर.

घाटाचा_राजा

फिटर भाऊ, एक विचारायचं होतं. माझ्या गाडीला पण मागं एक पाटा जास्त हाय, आधीच्या मालकानं घातलेला. तो रॉड नेमका कुठल्या बाजूला असतोय? मी वाकून बघितलं, मला तिथं एक वायर बांधलेली दिसायलीय.

ऑटोनगर_फिटर

काही सोडू नका, काही ओढू नका. उद्या सकाळी गाडी रिकामी घेऊन या. गियरमध्ये या.